कोटाच्या भिंतीतलं मीठ

आमचं पहिलं घर समुद्राने नेलं. कुडाच्या भिंती, वर झावळ्या, पुढे शेणाने सारवलेली ओटी, एवढंच ते घर. उधाणाचा दिवस होता. दुपारच्या भरतीला पाणी आधी ओटीवर आलं, मग चुलीत शिरलं. आईने पातेली एकात एक घालून डोक्यावर घेतली, बाबांनी मला उचललं आणि आम्ही देवळाच्या उंचवट्यावर जाऊन उभे राहिलो. ओहोटी लागल्यावर परत आलो तर दारातलं शेवग्याचं झाड जागेवर होतं आणि त्याच्या मागे नुसती वाळू.

बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. आमची होडी नव्हती, वाडी नव्हती, आणि नात्यात कुणाकडे रिकामी खोली नव्हती. काही दिवस देवळाच्या मंडपात काढले. मग गावाची बैठक बसली आणि गावचे पाटील म्हणाले, "यांना कोटात ठेवा. खालची खोली मिठाचीच हाय, राखण तरी व्हईल."

आमचं गाव दातिवऱ्याच्या वरच्या अंगाला, किनाऱ्यावर. कोट म्हणतात म्हणून कुणी किल्ला समजू नये. ते एकच घर आहे, दगडी, दोन मजल्यांचं, पोर्तुगीजांच्या काळातलं. पण भिंती एवढ्या जाड की गावाने त्याला घर म्हटलंच नाही. कोण मालक होता, कुठल्या साली बांधलं, हे सांगणारा एकही अक्षर कोरलेला दगड तिथे नाही. सरकारच्या कुठल्या यादीतही तो नव्हता.

खालच्या खोलीत गावातल्या बायका मासे खारवायच्या. एका कोपऱ्यात जाड्या मिठाचा ढीग भिंतीला लागून, दुसऱ्या बाजूला पिंपं, त्यांत मुशी, शिंगाळा, सुरमई मिठात दाबलेली. आईने त्यावर लक्ष ठेवायचं, पाणी सुटलं की काढून टाकायचं, मांजरांना हाकलायचं. बदल्यात प्रत्येकीने थोडा मासा द्यायचा. म्हणजे आमच्या घरात जेवण यायचं ते त्या मिठातून. उरलेल्या कोपऱ्यात आम्ही राहायचो.

मिठासोबत राहणं काय असतं हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि भिंती घामेजतात. काडेपेटी पेटत नाही. वह्यांची पानं एकमेकांना चिकटतात. दप्तराला, केसांना, गणवेशाला एक वास असतो जो आपल्याला येत नाही आणि वर्गातल्या सगळ्यांना येतो. शाळेत मला "खारी" म्हणायचे. मी घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "मंग काय झालं? खारं टिकतं. आलणी पोरं दोन दिवसांत नासतात." मी दुसऱ्या दिवशी शाळेत हेच वाक्य फेकलं. एक मुलगा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही.

पण घर मला आवडायचं. खालच्या मजल्याला खिडकी अशी नाहीच. बाहेरून बघाल तर हाताचा पंजा शिरेल एवढी उभी फट, आणि आत तीच फट सुपासारखी पसरत रुंद होते. आई त्यात देव ठेवायची. दाराच्या कमानीमागे भिंतीच्या पोटात एक लांब चौकोनी भोक होतं, त्यात बाबा वल्ही सरकवून ठेवायचे. वल्हं आख्खं आत जायचं. भिंतीच्या जाडीतूनच वर जाणारा एक जिना होता, इतका अरुंद की कुणी खाली येत असेल तर वर जाणाऱ्याने मागे फिरायचं. माडीची लाकडी जमीन बहुतेक गेलेली, छप्पर तर कुणी पाहिलेलंच नाही. गावातले म्हातारे सांगत की माडीचे सागाचे वासे जुन्या होड्यांना लागले. फक्त समुद्राकडची बाजू दगडी कमानीवर होती म्हणून राहिली होती, आणि तिच्याच खाली आमची मिठाची खोली, म्हणून पाऊस आत येत नसे. वासे जिथे रुतलेले होते ती चौकोनी भोकं भिंतीत ओळीने मोकळी दिसायची. त्यांत बांबू खोचून आम्ही बोंबील वाळत टांगायची वलांडी बांधायचो. समोरच्या भिंतीतही बरोबर तेवढ्याच उंचीवर भोकं, त्यामुळे बांबू सरळ बसायचा.

आणि माडीच्या त्या राहिलेल्या बाजूची खिडकी. समुद्राकडे उघडणारी, मोठी, आणि तिच्या दोन्ही अंगांना भिंतीतच कोरल्यासारखी दोन दगडी आसनं, समोरासमोर. जाळं शिवायला दोघं लागतात, एकाने ताणून धरायचं आणि दुसऱ्याने शिवायचं. आई-बाबा त्या दोन आसनांवर बसून मधल्या जागेत जाळं पसरायचे.

"बांधणारा कोळीच असनार," आई म्हणायची. "बामणाला हे सुचलं नसतं."

वलांडीची भोकं, वल्ह्यांची जागा, जाळ्याची खिडकी. आमच्या लेखी एवढा मोठा पुरावा होता. माझीही तीच समजूत होती.

दहावीचा अभ्यास मी त्या खिडकीत केला, बारावीचाही. मग पालघरच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, आणि आईचं माहेर धरून, पहिली. हे मी ठळकपणे सांगते, कारण त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. नोकरी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लागली, एका कंपनीच्या लॅबमध्ये. जवळच्या पाम गावात आणखी दोन मुलींबरोबर भाड्याची खोली घेतली. रविवारी घरी.

माझा पगार सुरू झाला तेव्हा बाबांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर सिमेंटच्या गोण्या आणल्या. कोटाच्या पश्चिमेच्या भिंतीचे पापुद्रे सुटत होते. दगडावरून बोट फिरवलं की भुकटी यायची. बाबांनी ओळखीचा गवंडी आणला आणि आतून-बाहेरून जाड गिलावा करून घेतला, वर पिवळा रंग. गावातला जो भेटेल त्याला दाखवायचे. "लेकीच्या पगाराचा गिलावा हाय." पाटीलसुद्धा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आता कुटं कोट मानसात आला."

त्यानंतर दोन पावसाळे झाले आणि गिलावा सुटायला लागला. नुसता सुटला असता तर चाललं असतं. तो ताटाएवढ्या ढलप्यांनी पडायचा आणि प्रत्येक ढलप्याला मागून दगडाची साल चिकटलेली असायची. खाली भिंत पोखरली जात होती, वर माडीच्या खिडकीखाली तिला पोट आलं होतं. दिवाळीनंतर एके दुपारी एक मोठा दगड आत पडला, पिंपांच्या मधोमध. कुणाला लागलं नाही. पण बायका घाबरल्या आणि बैठक बसली.

मी सुट्टी काढून गेले होते. गावाचं म्हणणं सरळ होतं. पावसाळ्याआधी कोट पाडायचा, नाहीतर तो कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. दगड वाया जाणार नव्हता. समुद्र दरवर्षी किनारा खात होता, तिथे बंधाऱ्याला भर हवीच होती. आम्हाला गावठाणात मागच्या बाजूला एक तुकडा जागा द्यायला गाव तयार होतं. कुणाच्या बोलण्यात वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर त्या बंधाऱ्याने आमचं पहिलं घर वाचलं असतं, हे माझ्याही मनात आलं.

मी विचारलं, "दुरुस्त झाला तर?"

पाटील म्हणाले, "तुज्या बापानं केला ना दुरुस्त."

सगळे हसले, बाबाही हसले, पण ते हसताना खाली बघत होते. ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांबा. भिंत का पडते ते मला शोधू द्या. शोधलं नाही तर मी स्वतः पहिला दगड काढेन.

"कालेजात भिंती शिकवल्या का गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाय. पण रसायन शिकवलं," मी म्हटलं.

एका पिशवीत मी भिंतीची भुकटी घेतली, कोटाच्या वेगवेगळ्या जागांहून, आणि बोईसरला नेली. साहेबांची परवानगी काढली. आमच्या लॅबमधला मदतनीस उत्तर प्रदेशचा. त्याने पिशवी उघडून पाहिली.

"मैडम, ये क्या है? मिट्टी?"

"घर है मेरा."

त्याने परीक्षानळ्या धुऊन आणल्या. भुकटी पाण्यात ढवळली, गाळली, आम्लाचा थेंब टाकला, मग सिल्व्हर नायट्रेट. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात तीच परीक्षा. पाण्यात मीठ असेल तर पांढरा साका होतो. माडीवरच्या भिंतीच्या नळीत नुसतं धुकं आलं. मिठाच्या ढिगामागच्या, पश्चिमेच्या भिंतीची नळी विरजणासारखी घट्ट झाली.

समुद्राचा वारा थोडं मीठ आणतोच, पण एवढं नाही. हे मीठ आमचं होतं. किती पिढ्या आमच्या बायकांनी त्या भिंतीला लावून मीठ ओतलं, माशांचं खारं पाणी त्या जमिनीवर सांडलं. ते भिंतीत चढलं. भिंत वाळते तेव्हा दगडाच्या आत मिठाचे खडे धरतात आणि दगड आतून फुटतो. जुना चुन्याचा गिलावा होता तोवर पाणी त्यातून बाहेर निघत होतं, मीठ गिलाव्यावर फुलत होतं आणि झडत होतं. सिमेंटने ती वाट बंद केली. मग ते दगडातच साठलं.

आर्किटेक्चर शिकवणाऱ्या एका बाई मला कॉलेजच्या सरांच्या ओळखीने मिळाल्या. मुंबईहून आल्या, दिवसभर कोटात फिरल्या, आणि माझं म्हणणं खरं आहे असं म्हणाल्या. उपायही त्यांनीच सांगितला. सिमेंट सगळं काढायचं, भिंतीला कागदाच्या आणि मातीच्या लगद्याचा लेप लावून मीठ शोषून घ्यायचं, ते पुन्हापुन्हा करायचं आणि शेवटी चुना. आणि सगळ्यात आधी, मिठाचा ढीग बाहेर.

जाताजाता त्यांनी आमची सगळी समजूतही मोडली. वल्ह्यांचं भोक म्हणजे दाराच्या अडसराची जागा. सागाची तुळई रात्री बाहेर ओढून दार अडवायचं, सकाळी परत भिंतीत ढकलायची. सुपासारख्या फटी बंदुकीसाठी. जिना अरुंद, कारण वर येणारा शत्रू एकेकटाच यावा. खालचा मजला कोठाराचा. आसपासच्या गावांतून खंडाचा भात आणि नारळ तिथे यायचे, आणि ते घेणारा वर माडीवर राहायचा, समुद्राची हवा खात. पुढे वसईची मोहीम झाली, हा सगळा किनारा मराठ्यांकडे आला, तेव्हा इथे चौकी बसली असावी, नंतर तीही उठली. म्हणजे ज्या खोलीत आम्ही राहिलो त्या खोलीत एके काळी आमच्यासारख्यांचंच धान्य जमा होत होतं. मला ते ऐकून राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, बरं झालं, शेवटी आम्हीच आत राहायला आलो.

बाईंनी फोनवर फ्रान्समधली घरं दाखवली. तिकडे समुद्रकाठी ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, तिथल्या जहागीरदारांची जुनी दगडी घरं. आमच्या कोटाहूनही जुनी. काहींत जिन्याचा वेगळा बुरूज, वर मालकाची खोली, खाली फटी. आणि खिडकीत, हुबेहूब, समोरासमोर दोन दगडी आसनं. उजेडात बसून शिवणकाम करायला, गप्पा मारायला, बाहेर कोण येतंय ते बघायला. युरोपात अशी आसनं पुष्कळ ठिकाणी होती आणि पोर्तुगीजांनी तीच सवय इथे आणली, असं बाई म्हणाल्या.

आईने फोन हातात घेऊन ते चित्र नीट पाहिलं.

"तिथं समुद्र हाय?"

"हाय."

"मासे?"

"भरपूर."

"मंग जाळीच शिवत असनार," आई म्हणाली आणि फोन परत दिला.

अवघड गोष्ट पुढे होती. मला बायकांना सांगायचं होतं की कोटात मासा खारवायचा नाही. कोटापुढच्या अंगणात सगळ्या जमल्या होत्या, तिथे मी ते सांगितलं. आमच्या शेजारची काकी, जिने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, ती सगळ्यांत आधी उठली.

"चार बुकं शिकली नि आमच्या मिठाला नावं ठेवते. त्याच मिठावर वाढलीस ना गं?"

"वाढले ना काकी. म्हणून तर सांगते."

"मंग पावसात खारवायचं कुटं? तुज्या कंपनीत?"

"तिथला वास आपल्यापेक्षा वाईट हाय," मी म्हटलं. थोड्या हसल्या. काकी नाही हसली.

तिचं चुकत नव्हतं. वारा-पावसापासून आडोसा असलेली दुसरी जागा गावात नव्हती, आणि खारा मासा हा त्या बायकांच्या हातातला स्वतःचा पैसा. दगडांसाठी तो घालवायचा? बरं, गाव म्हणत होतं तसा कोट पाडला असता तरी जागा जाणारच होती, हे मी बोलून दाखवलं. तरी कुणी आपलं पिंप हलवायला तयार झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर आईने पदर खोचलेला आणि ती फावड्याने मीठ टोपलीत भरत होती. सर्वांत जास्त नुकसान तिचं होतं. राखणीचा मासा बंद झाला की तिच्या नावावर उरणार काय होतं? मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तू कमवतेस ते काय मी फोटोत लावू? धर टोपली." आम्ही मीठ मागच्या जागेत नेलं, गाव आम्हाला देणार होतं त्याच तुकड्यावर. बाबांनी आणि बोटीवरच्या दोघांनी तिथे पत्र्याची शेड उभारली, खाली फरशी, पाणी वाहून जायला नाली. पहिलं पिंप आईने नेलं. मग एकेक करत सगळी आली. काकीचं शेवटी आलं आणि तिने ते मुद्दाम सगळ्यांत चांगल्या कोपऱ्यात ठेवलं.

भिंतीच्या फुगलेल्या पोटाला बाबांनी टेकू दिले. होडी किनाऱ्यावर चढवली की दोन्ही अंगांना देतात तसे, फक्त जाड. बाईंनी येऊन ते तपासले, दोन ठिकाणी वाढवायला सांगितले. सिमेंट छिन्नीने काढायला हिवाळा अर्धा गेला. बाबांनी ते स्वतः काढलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मग लगदा. लॅबमधली, माझ्या खोलीवरच्या मुलींची, पामच्या चहावाल्याची, सगळ्यांची रद्दी मी पोत्यात भरून न्यायची. ती गोड्या पाण्यात भिजवून, कुटून, मातीत कालवून बायका भिंतीवर थापायच्या. गोवऱ्या थापतात तशा, रांगेत. पाण्यासाठी विहिरीपासून माणसांची साखळी लागायची. लेप वाळून आपोआप सुटायचा, मी त्याचा तुकडा बोईसरला नेऊन तपासायची. पहिल्या लेपाची नळी दह्यासारखी, दुसऱ्याची ताकासारखी. काकीला आठवडाभर वाट बघणं पटेना. तिने वाळलेला तुकडा उचलून सरळ जीभ लावली.

"काकी, घाण असतं ते!"

"चूप. आजून खारट हाय. लाव परत."

पुढे तिने प्रत्येक लेप चाखला आणि माझ्या निकालाची वाट न बघता गावभर जाहीर केला. होळीच्या सुमाराला ती म्हणाली, "आता भाजीपुरतं हाय." माझ्या नळीतही नुसतं धुकं होतं.

चुना शिंपल्यांचा हवा होता. तो तयार मिळेना, म्हणून साधा कळीचा चुना आणून खड्ड्यात भिजत घातला आणि शिंपल्यांचा चुरा त्यात मिसळला. सुटलेले दगड नव्याने बसवले, सांधे भरले, वरून पातळ गिलावा दिला. हे काम गवंड्याने केलं, पैसे मी दिले, आणि बाईंच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन हात लावला. पांढरा आला तो रंग. पाटील बघायला आले, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "पिवळा बरा दिसत होता."

"पाऊस बघू मंग बोलू," बाबा म्हणाले.

पाऊस आला तेव्हा मी बोईसरला होते. त्या वर्षी वाराही जोराचा होता, दोन वेळा गावातली वीज गेली आणि फोन लागेना. रविवारची वाट बघवली नाही, मधल्याच वारी रजा टाकून गेले. भिंत ओली होती, बाहेरून आतपर्यंत, आणि दोन उन्हं पडल्यावर ती वाळली. गिलाव्यावर पांढरी बुरशीसारखी थोडी फुलं आली होती. हाताने पुसली, झडली. खाली दगड कोरडा आणि घट्ट होता. मी बोटाने घासून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. भुकटी आली नाही.

नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बैठक बसली. पाटलांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, कोट पाडायचा विषय आता नको. काकी म्हणाली, "विषय कुनी काढला होता?" आणि पाटलांसकट सगळे हसले. बाबाही हसले, आणि या वेळी ते समोर बघत होते.

आम्ही आता कोटात राहत नाही. मागे शेडशेजारी दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं, आई मिठाची राखण तिथूनच करते. बंधाऱ्याला दगड दुसरीकडून आले. कोटाची पश्चिमेची भिंत टेकू काढले तरी उभी आहे, आणि ती वाचवणाऱ्यांत मी होते.